अर्ध्यातून उठणारी

वयाच्या चौतिसाव्या वर्षी माझ्या नावापुढं लाल खूण लागली. शाळेत मी कधी वर्गाबाहेर उभी राहिले नव्हते, सासरी कुणी माझ्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. ही खूण मोबाइलवरच्या एका खेळात लागली, आणि ती इतकी मनाला लागेल असं वाटलं नव्हतं.

आमचं गाव शिरूरपासून अर्ध्या तासावर. घरची शेवंती, झेंडू आणि थोडा भाजीपाला. फुलं पहाटे तोडायची, क्रेट भरायचे, टेम्पो पुण्याला लावून द्यायचा. मिस्टर रांजणगावला एका कारखान्यात पाळीनं कामाला आहेत. त्यामुळं तोडणीच्या बायका, पिकाचं पाणी, सासूबाईंची औषधं, सगळं माझ्याकडं. दुपारी दोन ते तीन एवढा एकच तास असा, की तेव्हा कुणाचं माझ्यावाचून अडत नाही. निदान मी तसं धरून चालले होते.

मोबाइलची काच फुटली म्हणून शिरूरला दुरुस्तीच्या दुकानात गेले, तिथं हा खेळ पहिल्यांदा पाहिला. दुकानदार माझ्याच वयाचा. काच चिकटून वाळेपर्यंत तो स्वतःच्या फोनवर खेळत बसला होता. मी वाकून बघत होते हे त्याच्या लक्षात आलं.

"ताई, आमच्यात एक जण कमी हाय," तो म्हणाला. "खेळून बघा. न्हाई आवडलं तर सोडून द्या."

खेळ सोपा होता. पाच जणांनी मिळून डोंगरातल्या भुयारात उतरायचं आणि सहा दरवाजे ओलांडून पलीकडं निघायचं. चाळीस मिनिटं लागतात. एक जण ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढं असतो, तिघं लढतात, आणि एक जण मागं राहून बाकीच्यांच्या जखमा बऱ्या करतो. मला ते शेवटचं काम मिळालं. कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलता येत होतं. ढाल घेणारे होते दौंडचे एक आप्पा, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. लढणाऱ्यांत हा दुकानदार, पाबळची कॉलेजात जाणारी एक मुलगी, आणि कोरेगाव भीमाजवळच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा बिहारचा एक तरुण. तो पत्र्याच्या खोलीत सहा जणांबरोबर राहायचा, आणि दुपारी झोपून उठला की खेळायला यायचा. आम्ही सगळे त्याला भाई म्हणायचो, तो मला दीदी म्हणायचा.

मला तो खेळ फार आवडला. मी जखम भरली की आप्पा म्हणायचे, "बरं झालं ताई." दिवसभरात मी कितीतरी कामं करत होते, पण काम झाल्याबरोबर कुणी असं म्हणणं मला नवीन होतं.

आणि तरी मी सारखी अर्ध्यातून उठायला लागले.

त्याचं मुख्य कारण लाइट. शेतीच्या मोटारीला थ्री फेज लाइट लागते, आणि ती कधी येईल ते वेळापत्रक दर आठवड्याला बदलतं. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी मध्येच जाऊन परत येते. स्टार्टरचा ऑटो जळला होता, तो बसवायचा राहून जात होता. त्यामुळं लाइट आली की कुणाला तरी विहिरीवर जाऊन मोटार चालू करावी लागे, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. सासूबाई पडवीतून हाक मारायच्या, "लाइट आली गं." मी फोन उशीखाली सारायची आणि चप्पल घालायची. कधी खतवाला यायचा, कधी पाहुणे. एकदा तर फक्त सुरी सापडत नव्हती म्हणून उठले होते.

मी कुणाला सांगत नसे. "जाते" म्हणायलाही मला संकोच वाटायचा. वाटायचं, खेळच तर आहे. परत येऊन पाहावं तर चौघंही तिसऱ्या नाहीतर चौथ्या दरवाज्यात मरून पडलेले असत.

पहिल्या वेळी खेळानं मला दहा मिनिटं बाहेर ठेवलं. पुढच्या वेळी अर्धा तास. मग दर वेळी एक अख्खा दिवस. सातव्या वेळी नावापुढं लाल खूण आली आणि खाली मजकूर आला, की यापुढचे दहा डाव तुम्हाला इतर लाल खुणेवाल्यांबरोबरच खेळावे लागतील.

ते दहा डाव मी अजून विसरलेले नाही. अनोळखी लोक, कुठले कुठले. पहिल्याच डावात एक जण पहिला दरवाजा उघडायच्या आधी गेला. दुसऱ्यात दोघं मिळून गेले. चौथ्या डावात आम्ही चांगले पाचव्या दरवाज्यापर्यंत पोचलो, आणि ढालवाला एकदम जागच्या जागी थांबला. मी त्याच्या जखमा भरत राहिले, त्याच्याकडून काही हालचाल नाही. बाकीचे त्याला शिव्या देऊन निघून गेले. त्या अंधाऱ्या भुयारात मी एकटी, हातात जखमा भरायची काठी, आणि भरायला कुणाचीच जखम नाही. मला राग आला नाही. मला ओशाळल्यासारखं झालं. त्या माणसाच्या घरीही लाइट आली असेल.

दहा डाव उरकून मी परत आमच्या मंडळींत गेले, तर आत घेईनात. संध्याकाळी आप्पांचा फोन आला. दुकानदाराकडून नंबर घेतला होता.

"ताई, तुम्ही महिन्यात सात वेळा उठलात," ते म्हणाले. आवाज शांत होता. "आपला नेम असा हाय, तीन वेळा उठलं की सात दिवस बाहेर. तुम्ही नव्या म्हणून मी थांबलो. आता थांबता येत न्हाई."

"आप्पा, तुम्ही कारण तरी विचारा की."

"कारण खरंच असंल. त्याबद्दल माझ्या मनात काय न्हाई."

"मग शिक्षा कशाची?"

ते म्हणाले, "मी पस्तीस वर्षं गाडी चालवली न्हाई, पण गाडीच्या मागं बसून गाडीचं सगळं लिहिलं. गाडी लेट झाली की आधी मिनिटं लिहायची. कारण त्याच्याफुडं. कारण कितीबी मोठं असलं तरी मिनिटं कमी व्हत न्हाईत. भाई रात्रभर उभा राहून काम करतो, चार तास झोपतो आन् या चाळीस मिनिटांसाठी उठतो. ती त्याची चाळीस मिनिटं तुमच्या हातनं सात वेळा गेली."

मी फोन ठेवला आणि दोन दिवस फणफणत होते. म्हाताऱ्याला काय कळतं, बसून खातोय, असं सगळं मनात आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी रिकामी बसून होते. सासूबाईंनी विचारलं, "आज मोबाइल न्हाई का?"

मी सगळं सांगितलं. सांगायला सुरुवात केली ती कुरकुरीच्या सुरात, पण त्यांना खेळ समजावून सांगताना सूर राहिला नाही. त्या वाती वळत होत्या.

"पाच जणं जात्यात आत?"

"हो."

"आन् तू मधीच उठलीस की बाकीच्यांचं काय व्हतं?"

"मरतात ते."

त्यांनी हातातली वात खाली ठेवली. "मरत्यात?"

"खेळात हो, आत्या. खरंखुरं नाही."

"ते कळतंय मला." मग त्या म्हणाल्या, "कांदा लावायला पाच बाया वाफ्यात उतरल्या, आन् एक मधनंच घरी गेली, तर बाकीच्या चौघींनी तिचा वाफा कवा लावायचा? आम्ही तसलीला परत बोलवत नव्हतो. तिच्या घरी काय का आसंना."

आप्पांनी सांगितलं तेव्हा जे पटलं नव्हतं, ते इथं मुकाट्यानं ऐकून घेतलं.

"पण आत्या, हाक तर तुम्हीच मारता ना मला," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच बोलत होते. "लाइट आली की तुम्ही हाक मारता आणि मी उठते."

"मग तू कधी म्हणालीस, की थांबा म्हणून?"

खरंच म्हणाले नव्हते. लग्नाला तेरा वर्षं झाली. या वेळी मला हाक मारू नका, असं मी त्या घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. ते सांगता येतं हेही डोक्यात आलं नव्हतं. उठणं ही माझी सवय होती, आणि तिला मी जबाबदारी म्हणत आले होते. त्या संध्याकाळी मिस्टर आले तेव्हा सासूबाईंनीच विषय काढला. "तो ऑटो बसवून टाक उद्या. हिला दोन ते पावणेतीन काम असतंय." मिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी थापत राहिले. चार दिवसांनी ऑटो बसला.

सात दिवस संपले आणि मी परत गेले. कुणी मागचा विषय काढला नाही. पहिल्या दरवाज्यात जखम भरली तेव्हा आप्पा म्हणाले, "बरं झालं ताई," आणि भाई म्हणाला, "दीदी आ गईं, अब मरेंगे नहीं." त्यानंतरच्या चार महिन्यांत मी एकदाही उठले नाही. आप्पांनी मला मंडळाची दुसरी प्रमुख केलं. म्हणजे कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर ठेवायचं, ते बटण माझ्याकडंही आलं.

मग एका दुपारी आप्पाच उठले.

आम्ही सहाव्या दरवाज्यात होतो. तिथं ढालीशिवाय कुणी अर्धं मिनिटही टिकत नाही. आप्पांच्या बाजूनं लोखंडी कडीचा आवाज ऐकू आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि ढाल होती तिथंच थांबली. मी जितकं जमेल तितकं केलं. आधी पाबळची मुलगी गेली, मग भाई, मग मी. दुकानदार म्हणाला, "लाइट गेली आसंल आप्पांची."

तीन तासांनी आप्पांचा मेसेज आला. आज उठलो. मला सात दिवस बाहेर ठेवा.

नियम तीन वेळांचा होता, आणि दोनदा लाइट गेली होती ती सोडली तर आप्पा कधी उठले नव्हते. दुकानदार म्हणाला, असं कुठं असतं, आपले आप्पा आहेत, सोडून द्या. पाबळच्या मुलीनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मीही काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं निवडत असताना आप्पांचा फोन आला.

"अजून दाबलं न्हाई तुम्ही बटण."

"आप्पा, तुमची ही पहिलीच वेळ."

"तिसरी हाय. मागच्या पंधरवड्यात दोनदा मी फोन तसाच ठेवून गेलो व्हतो. नशिबानं पहिलाच दरवाजा सरला व्हता, तुम्ही लोकांनी निभावून नेलं. मी म्हणलो, लाइट गेली व्हती. लाइट गेली नव्हती."

"मग काय झालं होतं?"

"ते नंतर. तुम्ही आधी दाबा."

मी दाबलं. त्यांच्या नावापुढं बाहेर असल्याची खूण आली. ज्यांनी मला शिकवलं त्यांना मी बाहेर काढलं होतं. पुढं कितीतरी वेळ मी एकच शेवंतीचं फूल निवडत बसले होते.

त्याच आठवड्यात मला माहेरी जायचं होतं. माझं माहेर दौंड तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. चौफुल्याला एसटी बदलली आणि घरी न उतरता थेट दौंडला गेले. आप्पांनी पत्ता सांगितला होता, रुळांच्या पलीकडं, एका पिठाच्या गिरणीशेजारी. मनात मी त्यांना उंच आणि धिप्पाड धरलं होतं, ढालीमुळं असेल. प्रत्यक्षात ठेंगणे, बारीक, दाढी नीट केलेली, घरातही शर्ट आत खोचलेला.

पलंगावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. चेहरा प्रसन्न. त्यांनी मला विचारलं, "गाडी वेळेवर आली का?" मी म्हणाले, आली. थोड्या वेळानं परत तेच विचारलं. मी परत म्हणाले, आली.

आप्पांनी चहा केला. फाटकाच्या कडीला त्यांनी नवीन कुलूप लावलं होतं, ते मला येतानाच दिसलं होतं.

"दुपारी दोन ते तीन ती झोपायची," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "म्हणून तर मी त्या टायमाला खेळायला बसायचो. आता झोप कमी झालीय. उठती, डबा भरती आन् स्टेशनला निघती. तिला वाटतं मी ड्युटीवर हाय, डबा विसरून गेलो. त्या दिवशी कडी वाजली म्हणून उठलो. चप्पल घालूस्तोवर ती वळणापलीकडं. पुलाच्या पायऱ्यांवर सापडली. डब्यात नुसतं पीठ भरलं व्हतं, कोरडं."

मी तेच विचारलं जे पूर्वी फोनवर रागावून विचारलं होतं, पण आता रागाशिवाय. "आप्पा, एवढं असताना तुम्ही शिक्षा कशाला मागून घेतली? कुणी काही म्हणत नव्हतं."

"म्हणूनच," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी सोडून दिलं असतं, तर मी आठवड्यानं परत आलो असतो. परत उठलो असतो. तुम्ही परत काय म्हणला नसता, कारण आता तुम्हाला कारण म्हायती. हळूहळू तुम्ही चौघं एका मोडक्या ढालीमागं खेळला असता." त्यांनी पत्नीकडं बघितलं. "आन् मला बी कळायला पायजे व्हतं. मी स्वतःला सांगत व्हतो, की ती झोपली हाय. कडी वाजायची मला ऐकू येत व्हती, पण दरवाजा संपू दे, मग बघू, असं दोनदा केलं मी. दोनदा मी उठूस्तोवर ती गेटपर्यंत गेली व्हती ताई, आन् मी खेळत व्हतो."

त्यांच्या पत्नीनं विचारलं, "गाडी लेट हाय का?" आप्पा म्हणाले, "न्हाई. टायमात हाय."

जाताना ते म्हणाले, "सात दिवस झाले तरी मला परत आत घेऊ नका. पाचांतला एक म्हणून न्हाई. पोरगी महिन्यातनं चार दिवस येती नगरवरनं, आईला सांभाळती. तेवढं चार दिवस मला बदली म्हणून धरा. बाकी तुम्ही बघा."

मी परतल्यावर सगळ्यांना त्यांनी जेवढं सांगायची परवानगी दिली होती तेवढं सांगितलं. दुकानदारानं ढाल घेतली, आणि रिकामी जागा खेळच कुणातरी अनोळख्यानं भरायचा. त्याला ती नीट जमत नाही, चुकतो, पण उठत नाही. नियमही जरा बदलला. ज्याला जायचं आहे त्यानं आत शिरण्याआधी सांगायचं, मग काही शिक्षा नाही. आत शिरल्यावर उठलं की मोजणी चालू. कारण ऐकून घ्यायचं, पण मोजणी थांबवायची नाही. हे शेवटचं वाक्य माझं. ते लिहिताना मला आपण फार शहाणे झालो असं वाटत होतं.

मग भाई उठायला लागला.

एकदा, दोनदा, तीनदा. आधी सांगत नसे, नंतर विचारलं तरी "सॉरी दीदी" एवढंच. मी त्याला सात दिवस बाहेर ठेवलं. मेसेजमध्ये लिहिलं, की तुझ्यावर राग नाही, सात दिवसांनी ये, काही अडचण असेल तर सांग. त्यानं तो मेसेज वाचलेला दिसत होता. सात दिवस झाले, पंधरा झाले, भाई आला नाही. महिन्यानं मी परत मेसेज केला, तो पोचलाच नाही. नंबर बंद. दुकानदार एकदा त्या बाजूला गेला असताना कारखान्याच्या गेटवर चौकशी करून आला. त्याचं खरं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं वॉचमनला काय विचारायचं तेही कळलं नाही. पाळी बदलली असेल, गावी गेला असेल, दुसरीकडं काम मिळालं असेल.

मी आप्पांना फोन करून विचारलं, माझं चुकलं का.

"नेमानं बरोबर," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण मी तुम्हाला बाहेर ठेवलं तवा फोन केला व्हता. मेसेज न्हाई."

मला शिक्षा झाली आणि माझं भलं झालं. आप्पांनी शिक्षा मागून घेतली आणि त्यांना थांबायचं कारण मिळालं. या दोन अनुभवांवर मी तिसऱ्याला तीच मोजपट्टी लावली. माझ्यामागं दार लागलं तेव्हा घरात सासूबाई होत्या, माझं गाऱ्हाणं ऐकायला. पत्र्याच्या खोलीत सहा जणांबरोबर राहणाऱ्या त्या मुलाच्या मागं कोण होतं, मला माहीत नाही. शिक्षा नकोच, असं मी अजूनही म्हणत नाही. त्या दहा डावांत रिकाम्या भुयारात उभं राहिल्याशिवाय मला काहीच कळलं नसतं. पण आता बटण दाबण्याआधी मी फोन करते. उचलला नाही तर परत करते.

भाईची जागा दोन महिने तशीच ठेवली. मग पाबळच्या मुलीनं तिच्या मैत्रिणीला आणलं. तिला नियम सांगायचं काम माझ्याकडं होतं. तीन वेळा, सात दिवस, सगळं सांगण्याआधी मी तिला विचारलं, "दुपारी दोन ते पावणेतीन तुझ्या घरी कुणाचं काय काम असतं?"

तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. मागं कुठंतरी म्हैस ओरडल्याचा आवाज आला.

"सोमवारी न् गुरुवारी न्हाई जमायचं," ती म्हणाली. "मम्मी बाजाराला जाती."

"मग बाकीचे पाच दिवस ये," मी म्हणाले.